मदत हवी आहे: प्रोव्हँ गाव आईच्या गुडघ्यांना झेपेल का?

ऑक्टोबरात पॅरिसला जातोय. त्यातला एक पूर्ण दिवस पॅरिसजवळच्या प्रोव्हँ या जुन्या गावासाठी ठेवलाय. सोबत आई, वय 71. सपाटीवर तासभर आरामात चालते, पण चढ आणि जिने लागले की गुडघे कुरकुरतात.

ट्रेनचं कळलंय: गार द लेस्त स्टेशनवरून पी लाइन, साधारण दीड तास, आणि पाचही झोनचा नाव्हिगो (पॅरिस परिसरातल्या ट्रेन-बसचा) पास असेल तर वेगळं तिकीट लागत नाही. त्यामुळे गाडी भाड्याने घ्यायची नाही. गाव का निवडलं हेही सांगतो, म्हणजे 'त्यापेक्षा व्हर्सायला जा' असं कुणी सुचवणार नाही. व्हर्साय झालंय. 12व्या-13व्या शतकातल्या शाँपाञ प्रांताच्या व्यापारी जत्रा जिथे भरायच्या, ते तटबंदीचं गाव आईला बघायचंय (2001 पासून युनेस्कोच्या यादीत आहे). गुलाबपाकळ्यांचा मुरंबाही घ्यायचाय. आपला गुलकंद त्यापुढे कसा, हा वाद घरी आधीच सुरू झालाय!

अडचण अशी की स्टेशन खालच्या गावात आणि बघण्यासारखं बरंचसं वरच्या गावात. सेझार मनोऱ्यावर मी एकटाच चढेन, ती वरच्याच गावातल्या शातेल चौकात बसेल. नकाशावर अंतर दिसतं, चढ किती ते कळत नाही.

जाऊन आलेल्यांनी सांगा: आठवड्याच्या मधल्या वारी स्टेशनवरून वर जायला बस किंवा टॅक्सी सहज मिळते का? आणि गावाखालची जुनी भुयारं बघायला किती पायऱ्या उतराव्या लागतात?