मदत हवी आहे: कोॲग्युलेशनच्या प्लाझ्मावर लेबल काय लावता?

नमस्कार मंडळी. परळच्या एका लॅबमध्ये कोॲग्युलेशन (रक्त साकळण्याच्या टेस्ट) बघते. आमच्या फ्रीजरमध्ये 'नॉर्मल प्लाझ्मा' या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी आहेत: बऱ्याच निरोगी लोकांचा एकत्र केलेला पूल, कंपनीचा कंट्रोल (टेस्ट बरोबर चालतेय का ते तपासायला) आणि कॅलिब्रेटर (मोजमाप लावून घ्यायला). मिक्सिंग स्टडीला (पेशंटचा प्लाझ्मा नॉर्मलमध्ये मिसळून बघायची टेस्ट) पूलच हवा, पण रात्रपाळीवाला हाताला लागेल ती व्हायल उचलतो. त्याला तरी काय बोलणार, लेबल तेच!

दुसरा घोळ प्लेटलेट-पुअर प्लाझ्माचा (पीपीपी, म्हणजे प्लेटलेट जवळजवळ काढून टाकलेला प्लाझ्मा). निळ्या झाकणाची ३.२ टक्के सायट्रेटची ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये एकदा फिरवली की सगळे 'पीपीपी' लिहून मोकळे. प्लेटलेट मायक्रोलिटरला १०,००० च्या खाली आल्यात का, कोण बघतंय? ताज्या सँपलवर साध्या पीटीला (प्रोथ्रॉम्बिन टाइम, प्लाझ्मा साकळायला लागणारा वेळ) खपून जातं. ल्युपस अँटिकोॲग्युलंटला (साकळण्याच्या टेस्टमध्ये अडथळा आणणारी अँटिबॉडी शोधायच्या टेस्टला) नाही: फ्रीजरमध्ये गोठवल्यावर उरलेल्या प्लेटलेट फुटतात, फॉस्फोलिपिड बाहेर येतं, ते त्या अँटिबॉडीचा परिणाम झाकतं आणि टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. डोंबिवलीच्या सेंटरवरून तर गोठवलेलंच सँपल येतं, वर नुसतं 'प्लाझ्मा'.

तुमच्या एसओपीत (कामाच्या लेखी पद्धतीत) या व्याख्या कशा लिहिल्यात? दोनदा सेंट्रिफ्यूज केलेल्याला वेगळा कोड देता का? एनएबीएलचं (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचं) ऑडिट झालेल्यांनी जरूर सांगा.