जुना लॅपटॉप टाकायचा की लिनक्स टाकायचं? सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा (साळवी स्टॉप, रत्नागिरी)

शनिवार

*ए-१०२, सकाळी ७:४०*
सर्वांना नमस्कार. एक विचारायचं होतं. आमचा लॅपटॉप २०१६ चा, विंडोज १० वाला. अपडेट बंद झाल्याची सूचना सारखी येते. दुकानात नेला तर म्हणाले, भंगारात काढा, नवीन घ्या. मला त्यावर आंब्याच्या पेट्यांच्या ऑर्डरी, वीजबिल आणि सातबारा एवढंच करायचं असतं. खरंच टाकावा लागेल का हो? चालतो तर अजून चांगला.

*सी-२०१, ७:५२*
वहिनी, अपडेटचं खरं आहे. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशिनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. २०१६ च्या मशिनमध्ये तो नसणार. पण म्हणून मशिन भंगार होत नाही.

*बी-३०४, ८:०५*
वहिनी, घाई करू नका. माझा लॅपटॉप तुमच्याहून एक वर्ष जुना आहे. गेल्या गणपतीपासून त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट आहे, लिनक्सचा एक मोफत प्रकार. सकाळचा पेपर, बँक, मुलाशी व्हिडिओ कॉल, माझं लिखाण, सगळं त्यावरच चालतं. सॉफ्टवेअरला एक पैसा लागला नाही. खर्च झाला तो एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कच्या जागी वेगवान डिस्क) बसवायला आणि रॅम ४ ची ८ जीबी करायला. हे आधीच सांगतो, कारण लॅपटॉप पळायला लागला त्याचं निम्मं श्रेय त्या एसएसडीचं आहे. जुनी हार्ड डिस्क तशीच ठेवून नुसतं लिनक्स टाकलंत तर एवढा फरक जाणवणार नाही.

*ए-१०२, ८:०९*
सर, पण लिनक्स म्हणजे काळ्या पडद्यावर काहीतरी टाइप करायचं ना? मला ते जमेल का?

*बी-३०४, ८:१६*
नाही वहिनी. खाली डाव्या कोपऱ्यात मेन्यू, डेस्कटॉपवर फोल्डर, वर फुली दाबली की खिडकी बंद. आमच्या हिला पहिल्या दिवशी फरक कळला तो फक्त मागच्या चित्राचा. आणि लिनक्स तुम्ही आजही वापरताच. फोनमधल्या अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच आहे. १९९१ साली हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने तो लिहायला घेतला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. आज जगातले सगळ्यात वेगवान ५०० संगणक त्यावर चालतात. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, म्हणून मला ही गोष्ट फार मोलाची वाटते: आपलं काम लपवून न ठेवता दुसऱ्याला दुरुस्त करू द्यायचं.

*ए-४०१, ८:२१*
काकू, मिंटची २२ मालिका घ्या. ती उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेली आहे, २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील. अपडेट कधी करायचे ते तुम्ही ठरवायचं. आपल्याकडे पावसात रेंज जाते तेव्हा हे फार बरं पडतं. मी रेंज नीट असेल त्या दिवशी रात्री करतो. फोन वायरने जोडून नेट दिलं तरी लगेच ओळखतं, वेगळा ड्रायव्हर टाकावा लागला नाही.

*सेक्रेटरी, ८:३०*
मध्येच लिहितो, क्षमस्व. उद्या टाकी धुणार आहेत. १० ते १ पाणी नाही. भरून ठेवा.

*डी-१०३, ८:४४*
लाइट गेल्यावर काय होतं पण? माझी बॅटरी केव्हाच संपली आहे, लाइट गेली की लॅपटॉप थेट बंद.

*ए-४०१, ८:५०*
जूनपासून माझा सात-आठ वेळा तरी तसा बंद पडला असेल. लिनक्सची ext४ ही फाइल व्यवस्था काय बदलायचं चाललं होतं त्याची नोंद आधी ठेवते आणि पुन्हा सुरू होताना ती तपासते. त्यामुळे सिस्टीम दर वेळी उठली. पण सेव्ह न केलेलं गेलं ते गेलंच. तेवढ्यासाठी बॅटरी बदलून घ्या. आणि खाऱ्या हवेत लॅपटॉप महिनोन्महिने बंद ठेवू नका, रोज थोडा तापू दे.

*बी-३०४, ९:१५*
आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते मराठीबद्दल. पंधरा वर्षं मी आमच्या गावच्या आठवणी टाइप करत होतो. राजापूरची गंगा, होड्यांचे प्रकार, आजीच्या तोंडचे शब्द. सगळं जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये. लिनक्सवर फाइल उघडली आणि पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. त्या रात्री मला झोप लागली नाही.
दोष लिनक्सचा नव्हता. त्या जुन्या फॉन्टांत मुळात इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठवलेले असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचं रूप देतो. फॉन्ट नाही तर मराठीही नाही. म्हणजे नव्या विंडोजवर तो फॉन्ट टाकला नसता तरी हेच दिसलं असतं. ए-४०१ च्या दादांनी माझ्यासोबत बसून सगळं युनिकोडमध्ये बदललं, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असलेल्या पद्धतीत. जोडाक्षरं बरीच बिघडली, ती मी हाताने दुरुस्त केली. दोन महिने लागले. आता त्याच फाइली फोनवरही वाचता येतात.
ज्यांच्याकडे असं जुनं लिखाण आहे त्यांनी विंडोज पुसण्याआधी, अगदी आजच, ते उघडून बघा.

*सी-२०१, ९:२२*
सर, हे छान केलंत. सोसायटीची २०१० च्या आधीची इतिवृत्तंही तशाच फॉन्टमध्ये असणार. बघायला हवीत.

*डी-१०३, ९:२६*
आणि नवीन मराठी टायपिंग?

*बी-३०४, ९:३३*
कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट (आपल्या भाषांसाठीची कीबोर्डवरची अक्षरांची मांडणी) आधीपासून आहे, फक्त निवडायचं. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. आठवडाभर चुकलो, मग बोटं आपोआप जायला लागली. शिफ्ट धरून र दाबला की ऱ येतो, त्यामुळे ‘किनाऱ्यावर’ नीट लिहिता येतं. कोकणात राहून हा शब्द अडला तर लिहायचं तरी काय?

*सी-२०१, ९:४१*
एक इशारा. मी टॅक्सची कामं करतो. माझं डिजिटल सहीचं यूएसबी टोकन मला लिनक्सवर चालवता आलं नाही, दोन रविवार घालवले. हिशेबाचं टॅलीही विंडोजचंच आहे. म्हणून ऑफिसचं मशिन मी विंडोजवर ठेवलं आणि घरचं लिनक्सवर. ज्यांची अशी कामं आहेत त्यांनी सगळं एकदम पुसू नका. एकाच लॅपटॉपवर दोन्ही ठेवता येतात. मग कधी कधी विंडोजमध्ये घड्याळ साडेपाच तास मागे दिसतं, कारण लिनक्स मशिनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज स्थानिक. सेटिंग बदललं की जमतं, घाबरू नका.

*ए-१०२, ९:४८*
आणि माझ्या पेट्यांची यादी? ती एक्सेलमध्ये आहे.

*ए-४०१, ९:५५*
लिबर ऑफिस या मोफत प्रोग्राममध्ये उघडेल काकू. बेरजा, फिल्टर सगळं चालतं. मॅक्रो (एक्सेलमध्ये आपोआप चालणाऱ्या सूचना) वापरत असाल तरच अडचण. सातबाऱ्याची साइट फायरफॉक्समध्ये उघडते, मी गेल्या महिन्यात बाबांचा काढला. प्रिंटरचं मात्र आधी तपासू. माझा नवा लगेच लागला, बाबांचा जुना लेझर शेवटपर्यंत लागला नाही.

*बी-३०४, १०:०४*
आणि फोटोंची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. मिंटमध्ये टाइमशिफ्ट आहे, ते सिस्टीमची प्रत ठेवतं. मला वाटलं, त्यात फोटोही आले. पण ते आपल्या ‘होम’ फोल्डरची, म्हणजे आपले फोटो-फाइली असतात त्याची, प्रत आपणहून घेत नाही. नातीच्या बारशाचे फोटो मुलाच्या फोनमध्ये होते म्हणून वाचले.

*ए-४०१, १०:१०*
काकू, उद्या पाणी नाहीच, तर ११ वाजता लॅपटॉप घेऊन वर या. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघू, डिस्कवर काहीच टाकायचं नाही. आवडलं नाही तर पेनड्राइव्ह काढला की तुमचं विंडोज जसंच्या तसं. फक्त येण्याआधी शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा. एरवी विंडोज अर्धवट झोपतं आणि मग त्याच्या डिस्कवरच्या फाइली नुसत्या वाचता येतात, बदलता येत नाहीत.

रविवार

*ए-१०२, दुपारी १२:४०*
नमस्कार. हे लॅपटॉपवरूनच लिहिते आहे, पेनड्राइव्ह लावून. वायफाय लागलं, आवाज येतो, सातबाऱ्याची साइट उघडली. पेट्यांची यादी उघडली, बेरीज बरोबर आहे. गेल्या वर्षीच्या देवगडच्या दोन ऑर्डरींचे पैसे यायचे राहिलेत हेही आत्ताच दिसलं. इनस्क्रिप्टने एक ओळ लिहायला सरांनी दहा मिनिटं दिली आहेत. प्रिंटर खाली राहिला, तो आणायला ह्यांना पाठवलंय. डी-१०३, तुम्ही पण तुमचा लॅपटॉप घेऊन या, दादा संध्याकाळपर्यंत घरी आहेत.