अरुण साधूंवर बोलायचंय, सुरुवात कुठून करू?

रामबागकर:
मंडळी, आम्ही काही जण दर महिन्याला पुस्तकांवर बोलायला जमतो, यावेळी पत्रकार-कादंबरीकार अरुण साधूंवर बोलायची पाळी माझी आहे. 'सिंहासन' पिक्चर पाहिलाय, कादंबरी नाही वाचली. पत्रकारितेत ते कुठे कुठे होते आणि कादंबरीकडे कसे वळले? मी स्वतः इथे इंदूरला हिंदी पेपरात डेस्कवर आहे म्हणून जरा जास्तच उत्सुकता.

मुक्ता_टिळकनगर:
जन्म १९४१, परतवाडा. पुण्यात केसरी, मग मुंबईत इंडियन एक्सप्रेस, टाइम्स, स्टेट्समन, फ्री प्रेस जर्नलचे तर संपादक होते. म्हणजे बघा नं दादा, नोकरीतली बरीच वर्षं इंग्रजीत गेली आणि कादंबऱ्या मात्र मराठीत. आपल्याकडे इंदूरचे संपादक राहुल बारपुते घरचे मराठी, पण 'नईदुनिया' हा पेपर हिंदीत गाजवला, तुमच्या लोकांना हे लगेच भिडेल.

जुना_वाचक:
मी म्हणेन आधी 'मुंबई दिनांक' (१९७२) वाचा, मग 'सिंहासन' (१९७७), कारण जब्बार पटेलांचा १९७९चा पिक्चर दोन्ही मिळून केलाय, पटकथा तेंडुलकरांची. रिपोर्टरला मंत्रालयात काय काय कानावर पडतं, कोण कुणाकडे जाऊन आला, कुणाचं काय ठरलं, सगळं माहीत असतं पण छापायचं तर नाव द्यायला कोणी तयार नसतो, मग ते सगळं जातं कुठे? साधूंच्या बाबतीत ते कादंबरीत गेलं असं मला ठामपणे वाटतं. पिक्चरमधला पत्रकार दिगू टिपणीस आठवा, निळू फुलेंनी केलेला. सगळ्यांकडे जातो, सगळ्यांचं ऐकतो, हातात काहीच नाही, आणि शेवटी ते हसणं... अंगावर काटा येतो. पत्रकार असा आतून दुसऱ्या कुणी दाखवलेला मी तरी वाचला नाही.

मुक्ता_टिळकनगर:
आणि त्यांची 'झिपऱ्या' ही कादंबरी सोडू नका प्लीज! बूटपॉलिश करणाऱ्या पोरांची आहे, सगळे राजकारणावरच बोलतात आणि ती राहून जाते. साधू पुढे पुणे विद्यापीठात पत्रकारिता विभागाचे प्रमुख होते, २००७ला नागपूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, २०१७मध्ये गेले.

रामबागकर:
ताई, दादा, खूप आभार. छापता न येणारं कुठे जातं, यावरच बोलतो मग, आमच्या डेस्कवर रोज हेच चालतं. 'मुंबई दिनांक' इथे कुणाकडे आहे का? आठ दिवसांत परत देईन.

जुना_वाचक:
माझ्याकडे आहे, बाइंडिंग सुटलंय पण पानं सगळी आहेत. रविवारी सकाळी राजवाड्याकडे येतोय, मेसेज करा.