ऊसतोडीवर इंटरॅक्टिव्ह वेब डॉक्युमेंटरी: सुरुवात कुठून?

बालाघाटकर: बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांवर वेब डॉक्युमेंटरी करायची आहे. बघणाऱ्याने वाट स्वतः निवडावी. कोडिंग येत नाही. शूटिंग आधी की रचना?

गोदाकाठ: रचना. एका प्रसंगाला एक चिठ्ठी, १२-१५ पुरेत. भिंतीवर लावून दोऱ्याने जोडा. मग तेच ट्वाइनमध्ये घाला, म्हणजे फाटे फुटणाऱ्या गोष्टी रचायच्या सॉफ्टवेअरमध्ये. ते फुकट आहे आणि एकच एचटीएमएल फाइल देतं. व्हिडिओ मात्र वेगळे, शेजारच्या फोल्डरात. नवखे फाट्यांत अडकतात. दर चिठ्ठीला ३ पर्याय दिले तर चौथ्या पायरीवर २७ प्रसंग लागतात! म्हणून वाटा परत जुळवा. उचल (मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे) घेतानाची नवऱ्याची बाजू ऐका किंवा बायकोची, पण दोन्ही वाटा फडावरच्या पहाटेला मिळू द्या.

मांजराथडी: गावात हे मोबाइल डेटावरच बघतील. व्हिडिओचं रिझोल्यूशन ७२०पी, फॉरमॅट एच.२६४ आणि बिटरेट साधारण १.५ एमबीपीएस ठेवा, म्हणजे मिनिटाला ११ एमबीच्या आसपास. हँडब्रेक या व्हिडिओ लहान करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’वर टिक हवीच, नाहीतर फाइलची अनुक्रमणिका शेवटी राहते आणि व्हिडिओ सुरू व्हायला रखडतो. आवाजासकट ऑटोप्ले ब्राउझर बहुधा अडवतात. पहिल्याच पानावर ‘सुरू करा’ बटण द्या.

गोदाकाठ: आणखी एक, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. उचलीचा आकडा सांगणारी बाई मुकादमाला ओळखू येता कामा नये. नुसता चेहरा झाकून भागत नाही, गावात आवाजावरूनही माणूस कळतो. तिथे तिचं बोलणं मजकुरात द्या, आणि तेही तिला वाचून दाखवून.