अनुभव धागा : घरात उमेदवार आणि आपण पालिकेच्या नोकरीत

रामबागेतला बाबू (इंदूर)
काल जुनी स्कूटर भंगारात देताना तिच्या पुढच्या पत्र्यावर निवडणूक चिन्हाच्या स्टिकरचा अर्धवट खरवडलेला डाग दिसला आणि सगळे आठवले. धाकटा भाऊ पार्षदपदासाठी (म्हणजे नगरसेवकपदासाठी) उभा होता आणि मी जवळच्या एका नगरपालिकेत संपत्तिकराच्या टेबलावर होतो. त्याच्या पोरांनी रात्री चिकटवलेले स्टिकर न पाहताच मी कचेरीत गेलो, आणि दुपारी घराच्या किल्लीने ते खरवडेपर्यंत कोणीतरी तक्रार दिलीही होती. नोटिशीत राज्याच्या नोकरांसाठीच्या 1965 च्या आचरण नियमांतील नियम 5 चा, म्हणजे नोकराने निवडणुकीत भाग घेऊ नये या नियमाचा, हवाला होता. पुढचे पंधरा दिवस आमच्याच ओसरीवर भावाची बैठक भरे आणि मी मागच्या खोलीत दिवा मालवून बसे. तो थोड्या मतांनी पडला. त्या रात्री त्याने विचारले, "दादा, तुझं मत तरी मला होतं ना?" मत द्यायचा हक्क आहे, पण ते कोणाला दिले हे सूचितही करायचे नाही, असे तोच नियम सांगतो. मी गप्प राहिलो आणि ते त्याला फार लागले. असा प्रसंग कोणावर आला असेल तर लिहावे.

पोस्टातली ताई
आमच्या केंद्राच्या 1964 च्या नियमांत अंगावर, वाहनावर किंवा घरावर चिन्ह लावणे म्हणजे निवडणुकीत वजन वापरणे, असे स्पष्टच म्हटले आहे. आमच्या गच्चीवरचा झेंडा घरमालकांचा होता, तरी मी त्यांच्याकडून तसे लिहून घेतले.

सुदामानगरचे मास्तर
दादा, वाचून वाईट वाटले. विधानसभेच्या वेळी सासरे मला मतमोजणीत त्यांच्या उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून बसवणार होते. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 134-क मध्ये सरकारी नोकराला यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हे दाखवल्यावरच त्यांनी आग्रह सोडला.

मतदान अधिकारी क्र. 2
नेहरू स्टेडियमवर मतदानाचे सामान घ्यायच्या रांगेत असताना दिरांचे सात फोन आले, मी एकही उचलला नाही. त्या दिवसांत आपण निवडणूक आयोगाच्या प्रतिनियुक्तीवर असतो, हे घरच्यांना कळत नाही.

बडोदेकर काकू
माझी लेक इंग्लंडात कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या पालिकेत, नोकरीला आहे. तिथल्या 1989 च्या कायद्याने वरिष्ठ अधिकारी आणि समित्यांना नियमित सल्ला देणारे अशा ठराविक पदांवरच ही बंधने आहेत. आपल्याकडे कारकून आणि साहेब यांना एकच माप लावतात, हे मला पटत नाही.

नवीन भरती
भाच्याने माझ्या फोनवरून प्रचाराचा फोटो स्टेटसला ठेवला आणि कचेरीने माझ्याकडे खुलासा मागितला आहे. काय करू?

रामबागेतला बाबू
काकू, माझ्या स्कूटरवर चिन्ह पाहून कर भरायला आलेला माणूस बिचकला असता, म्हणून कारकुनावरचे बंधन मला मान्य आहे. घरच्यांच्या चुकीची शिक्षा मात्र नाही. नवीन ताई, स्टेटस लगेच काढा, घडले तसेच लिहून मुदतीत द्या आणि आवक शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा. माझी अजून फायलीत आहे.