मदत हवी आहे : तळमजल्याच्या खोलीत रेडॉन, ठाण्यात चाचणी कुठे होईल?

नौपाड्यात जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहतो. भावाने परदेशातून रेडॉन (जमिनीतून झिरपणारा किरणोत्सारी वायू) मोजायचं डिजिटल यंत्र आणलंय. मागच्या खोलीत, जमिनीपासून दीड फुटावर, तीन आठवडे ठेवलं. खिडक्या बंद ठेवून एसी लावला की सकाळी १७० ते १९० बेकेरेल (किरणोत्सर्गाचं एकक) प्रति घनमीटर. खिडक्या दिवसभर उघड्या ठेवल्या की ४०च्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना १०० ही पातळी सांगते, म्हणून काळजी वाटते. त्या खोलीत बाबा झोपतात. त्यांनी वीस वर्षं सिगारेट ओढली आहे, आणि धूम्रपान व रेडॉन एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका खूप वाढतो.

ठाण्याखाली बेसाल्ट खडक, त्यात रेडॉन ज्यापासून बनतो ते युरेनियम कमी, हे मलाही माहीत आहे. पण लादीखाली कुठून आणलेला भराव आहे, कोण सांगणार? ग्रॅनाइटमधूनही थोडा रेडॉन येतो आणि ओटा ग्रॅनाइटचा आहे, पण स्वयंपाकघरातला आकडा याहून कमीच येतो.

भिंतीकडेच्या भेगा आणि नहाणीच्या पाइपाभोवतीची फट सिलिकॉनने बुजवली, फरक जेमतेम. एक्झॉस्ट पंखा लावला तर आकडा उलट थोडा चढला. रात्री डासांमुळे खिडक्या उघडता येत नाहीत. लादी फोडायला सोसायटीची परवानगी नाही.

तीन महिने ठेवायचा अल्फा ट्रॅक डिटेक्टर (रेडॉनच्या खुणा टिपणारी छोटी डबी, जी नंतर प्रयोगशाळेत तपासतात) ठाणे-नवी मुंबईत खासगी माणसाला कुठे मिळतो आणि तपासून मिळतो? आणि पंखा हवा बाहेर फेकतो म्हणून जमिनीतून जास्त वायू ओढला जातोय का. तोच उलटा, हवा आत घेणारा बसवून कुणाला फरक पडलाय का?