मदत हवी आहे: डाळिंबाच्या खोडातला भुंगेरा नेमका कोणता?

सांगोला तालुक्यात भगवा वाणाच्या डाळिंबाच्या खोडांवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, जेमतेम 1 मिमीची छिद्रं आणि पिठासारखा भुसा दिसतोय. शॉट होल बोररच (खोडात बारीक छिद्रं पाडणारा भुंगेरा); पण जात कोणती? या भुंगेऱ्यांतली युवॅलेसिया फॉर्निकेटस म्हणून जी एकच जात समजत, तिच्या 2019 पर्यंत चार जाती झाल्या. डोळ्यांनी सगळ्या सारख्याच, फरक डीएनएत. मादी बिळातच भावाशी जुगते, त्यामुळे एकटी मादीही नवी बाग पकडते. म्हणजे एकाच बिळातल्या दहा माद्या तपासल्या तरी त्या बहिणीच, पैसे वाया! नमुने 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवलेत (फॉर्मेलिन नको, डीएनए खराब होतो). सीओआय बारकोडिंगसाठी (सीओआय या जनुकाच्या तुकड्यावरून जात ओळखण्यासाठी) किती झाडांवरून माद्या घ्याव्यात? सोलापूरजवळच्या केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात शेतकऱ्यांचे असे नमुने घेतात का?